तीस सेकंदांचा शिकारी

गोव्यात वाळपईच्या पलीकडे ओळखीच्या एका काकांची काजूची बाग आहे. बोंडू पिकून गळायला लागले की रात्री रानडुकरं उतरतात, आणि जाता जाता खालच्या कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, सुरणाची आळीही उकरून ठेवतात. यंदा काकांचा फोन आला. "तू जनावरांवर लिहितोस म्हणून विचारतो. प्युअर ग्रेहाउंड आणला तर डुकरांमागे लागेल का रे? चांगला शिकारी म्हणतात तो." त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. मैलभर मोकळं माळरान, पुढे ससा, आणि त्याच्यामागे जमिनीला पाय टेकतात की नाही असं वाटावं असं एक कुत्रं.

मी म्हटलं, "लागेल काका. पहिल्या करवंदीच्या जाळीपर्यंत."

हे थट्टेत बोललो खरं, पण उत्तर तेवढंच नाही. ग्रेहाउंड हा शिकारी आहे यात शंका नाही. प्रश्न असा की शिकारीच्या कुठल्या भागाचा शिकारी.

त्याचं शरीर उघडून पाहिलं, तर धावणं सोडून दुसरा विचारच तिथे झालेला नाही असं वाटतं. हृदय शरीराच्या वजनाच्या 1.2 टक्के किंवा त्याहूनही जास्त भरतं. इतर कुत्र्यांत ते 0.8 टक्क्याच्या आसपास असतं. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा 50 ते 65 टक्के, म्हणजे चारचौघा कुत्र्यांपेक्षा बराच वर. चरबी नावाला. मांड्यांमधले स्नायूतंतू झटक्यात आकुंचन पावणारे, भरपूर ताकद देणारे आणि लवकर दमणारे. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, त्यामुळे एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा हवेत असतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा ताणलेलं असताना. वेग ताशी 60 ते 70 किलोमीटर. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पिंजऱ्यात वाढलेले चित्ते आणि ग्रेहाउंड यांना आमिषामागे पळवलं, तेव्हा ग्रेहाउंडच पुढे निघाले: सेकंदाला 19 मीटर, चित्ते 17.8. अर्थात रानातल्या चित्त्याची गोष्ट वेगळी. बोट्स्वानात तो ताशी 93 किलोमीटरने धावताना मोजला गेला आहे.

मला या कुत्र्याची सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. माणूस वळणावर धावताना मंदावतो, कारण वळताना पायांवर येणारा भार वाढतो. आपले पाय एकाच वेळी भार पेलतात आणि पुढे ढकलायचं कामही करतात, त्यामुळे पाऊल जमिनीवर जास्त वेळ ठेवावं लागतं आणि वेग पडतो. ग्रेहाउंड वळणावर मंदावतच नाही, हे 2005 साली दोन ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं. त्याला पुढे ढकलणारी ताकद कंबरेच्या आणि पाठीच्या स्नायूंतून येते. पाय भार पेलायला मोकळे राहतात. आपण सायकल चालवताना वजन सीटवर असतं आणि ताकद पॅडलवर, तसं काहीसं.

आता या सगळ्याची किंमत. शर्यतीचं नेहमीचं अंतर 480 मीटर, ते तीसेक सेकंदांत संपतं. तेवढ्यात हृदयाचे ठोके मिनिटाला 300 च्या घरात जातात आणि अंगाचं तापमान 41 अंशांच्या वर चढतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही; तो धापा टाकून जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी वाफेत घालवतो आणि थंड होतो. पाणी वाफ होऊन जायला हवा कोरडी लागते. एप्रिल-मे महिन्यात आमच्या सत्तरी तालुक्यातली हवा कशी असते ते सांगायला नको. दोरीवरचा टॉवेल दुपारपर्यंत सुकत नाही, तिथे कुत्र्याची जीभ काय सुकणार! असा कुत्रा एकदा जीव तोडून धावला की त्याला पाण्याशी आणि सावलीत न्यावं लागेल, आणि रानडुक्कर तोवर म्हादई नदी ओलांडून गेलेलं असेल.

त्यात त्याची कातडी पातळ आणि केस आखूड. काट्याने ओरखडा उठत नाही, चीर पडते. तळव्यांना घट्टे पडण्याचा त्रास या जातीत मुळात जास्त, आणि आपल्याकडे पायाखाली चिऱ्याचा खडबडीत दगड. शिवाय हिशेब करून बघा: पूर्ण वेगात तो सेकंदाला 17-18 मीटर जातो. बागेच्या कडेच्या रानात नजर पोचते जेमतेम पंधरा मीटर. म्हणजे समोरचं झाड दिसल्यापासून त्याच्यावर आदळेपर्यंत सेकंदभरही नाही. आणि समजा आदळला नाही, डुकराला गाठलंच, तर पुढे काय? एकीकडे तीस किलोचं नाजूक कातडीचं कुत्रं, दुसरीकडे शंभर किलोच्या आसपासचा सुळेवाला नर. त्या भेटीची कल्पना न केलेलीच बरी.

डुक्कर आधी सापडायला हवं, हेही आहेच. ग्रेहाउंड डोळ्यांनी शिकार करतो. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर दृष्टीच्या पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, आखूड तोंडाच्या कुत्र्यांत त्या मधोमध गोळा झालेल्या असतात. आडवा पट्टा म्हणजे अख्खं क्षितिज एका नजरेत. माळरानावर याहून चांगली सोय नाही. पण कुळागरात क्षितिज असतं कुठे? तिथे नाक लागतं. नाकाला ग्रेहाउंड अगदीच वाईट आहे असं नाही, त्याला त्यात रस नसतो. 2015 साली अमेरिकेत पग, जर्मन शेफर्ड आणि ग्रेहाउंड यांची वास ओळखण्याची परीक्षा घेतली गेली. पहिला आला पग! बहुतेक ग्रेहाउंड तर शिकण्याच्या टप्प्यातच गळले, कारण त्यांना ते काम करावंसंच वाटेना.

आंध्र प्रदेश पोलिसांनी 1989 साली नक्षलवाद्यांविरुद्ध उभारलेल्या दलाला 'ग्रेहाउंड्स' असं नाव दिलं. ते जवान दिवस दिवस जंगल तुडवतात. खऱ्या ग्रेहाउंडला नेमकं तेच जमत नाही, पण नावं ठेवणारे एवढा विचार करत नाहीत.

काकांचा भर 'प्युअर' या शब्दावर होता, त्याबद्दलही बोलायला हवं. शुद्ध जात म्हणजे आईबापांची नोंद वहीत आहे, एवढंच. इंग्लंडमध्ये ग्रेहाउंडची अशी नोंदवही 1882 पासून चालते. कुत्रा कामाला कसा आहे हे वही सांगत नाही. ते ठरतं पिढ्यान् पिढ्या कुठली पिल्लं ठेवली यावर. 1926 साली मँचेस्टरमध्ये यांत्रिक सशामागची शर्यत सुरू झाली, आणि त्यानंतर निवड होत गेली ती सपाट ट्रॅकवर अर्धा मिनिट धावणाऱ्यांची. ट्रॅकवर सगळे डावीकडे वळतात, म्हणून त्यांच्या उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातलं एक ठरावीक हाड मोडतं. पशुवैद्यांना ते पाठ असतं. प्रदर्शनात मिरवणारे ग्रेहाउंड वेगळे, ते दिसण्यासाठी निवडलेले. दोघांचेही कागद शुद्धच. आणि इजिप्तच्या पिरॅमिडांपासून चालत आलेली जात म्हणून जे सांगतात, ते 2004 सालच्या डीएनए अभ्यासात टिकलं नाही. सालुकी आणि अफगाण हाउंड या तशाच दिसणाऱ्या जाती प्राचीन गटात निघाल्या, ग्रेहाउंड सापडला कोलीसारख्या मेंढपाळ कुत्र्यांच्या शेजारी.

शिकाऱ्यांनी स्वतः हा प्रश्न कधीच सोडवलाय. अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांत कोयोटी या कोल्ह्या-लांडग्यासारख्या जनावरामागे ग्रेहाउंड आजही सोडतात, कारण तिथे दूरवर आडोसाच नाही. इंग्लंडमधले शिकारी त्याचा कोली किंवा टेरियरशी संकर करून लर्चर नावाचं कुत्रं तयार करतात: वेग थोडा कमी, पण कातडी राठ, दम जास्त आणि डोकं ठिकाणावर. स्पेनचा गाल्गो दिसायला याचाच भाऊ, पण दमदार. लांब पल्ल्यावर सशाला दमवणारा. आपल्या घाटापलीकडचा कारवान आणि मुधोळ हेही त्याच घडणीचे, दख्खनच्या उन्हात आणि खडकाळ माळावर तयार झालेले. गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेत ग्रेहाउंडसारख्या कुत्र्याला गाल्गोच म्हणतात. तरी त्यांच्या देशात झुडपांतल्या सशासाठी वेगळं कुत्रं आहे, पोडेंगो. ते डोळा, कान आणि नाक तिन्ही वापरतं. मोकळ्या रानाला एक, दाट रानाला दुसरं.

काकांना हे सगळं सांगून झाल्यावर मुद्द्याची गोष्ट सांगितली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या केली आहे, तीत मारणं आणि पकडणं तर आहेच, पण जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आणि यातलं काही करायचा प्रयत्न, हेही आहे. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यातला शब्द आहे 'कोर्सिंग', म्हणजे कुत्र्यांनी नजरेच्या जोरावर जनावराचा केलेला पाठलाग. ग्रेहाउंड ज्या एका कामासाठी जन्माला घातला, त्याचं नावच कायद्यात आहे.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिकार राहू दे रे. रात्री राखणीला तरी बसेल ना? डुक्कर आलं की भुंकेल?"

"क्वचितच भुंकतो तो, काका. दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच असतो."

फोनमध्ये मागून त्यांची दोन गावठी कुत्री केव्हापासून कुणावर तरी तुटून पडल्यासारखी भुंकत होती. "थांब हां," काका म्हणाले, "कुळागरात काय शिरलंय ते बघून येतो."