हिल्डेगार्डची गीते आणि गायनबंदी

बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन जोगिणीची (१०९८–११७९) लॅटिन धर्मगीते आज मैफलींत ऐकू येत असली, तरी ती रचली गेली मठातील जोगिणींनी उपासनेत गाण्यासाठी. बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या पंथातील, मठांत दिवसरात्र ठरलेल्या वेळांना एकत्र स्तोत्रे गाण्याचा नियम होता. युटा या उमराव घराण्यातील तपस्विनीबरोबर १११२ मध्ये डिझिबोडेनबेर्गच्या मठात बंदिस्त एकांतवास पत्करल्यापासून हेच गायन हिल्डेगार्डच्या कानांवर आयुष्यभर पडत राहिले. आपण गायन वा स्वरलेखन कधीच शिकलो नाही, असे ती पुढे सांगते. ते शब्दशः घेता येणार नाही, पण गीते ईश्वराकडून आली असे म्हटल्याने स्त्रीच्या रचनेला एरवी दुर्मीळ असलेला अधिकार मिळत होता, हेही विसरून चालणार नाही.

युटाच्या मृत्यूनंतर, ११३६ मध्ये, जोगिणींचे नेतृत्व हिल्डेगार्डकडे आले आणि ११५० च्या सुमारास, तिथल्या साधूंचा विरोध पत्करून, तिने बिंगेनजवळ रुपर्ट्सबेर्ग येथे स्वतंत्र मठ उभारला. मरिया, उर्सुला, डिझिबोड, रुपर्ट अशा संतांवरील सत्तरीच्या आसपास गीते तिने रचली. चालींचा विस्तार नेहमीच्या मठगायनापेक्षा मोठा आहे: सुरुवातीलाच षड्जावरून पंचमावर आणि तिथून तार षड्जावर झेप, एकेका अक्षरावर लांबलचक स्वरावली, आणि काही गीतांत दोन सप्तकांपर्यंतचा पल्ला. सद्गुणांवरील तिच्या संगीतनाटकात सैतानाला मात्र एकही स्वर दिलेला नाही. तो केवळ ओरडतो.

या योजनेमागचा विचार ११७८ मध्ये उघड झाला. एकेकाळी चर्चमधून बहिष्कृत असलेल्या एका उमरावाला मठाच्या दफनभूमीत जागा दिल्याबद्दल माइन्त्सच्या धर्माधिकाऱ्यांनी मृतदेह बाहेर काढण्याचा हुकूम दिला. मृत्यूपूर्वी त्याचा चर्चशी समेट झाला होता, असे सांगून हिल्डेगार्डने तो मानला नाही, तेव्हा मठावर गायनबंदी आली आणि प्रार्थना हलक्या आवाजात केवळ वाचावी लागली. तिच्या निषेधपत्रात संगीताचे अख्खे धर्मशास्त्र आहे. पाप घडून स्वर्गातून पतन होण्यापूर्वी आदमचा, म्हणजे पहिल्या माणसाचा, आवाज देवदूतांच्या स्तुतिगायनात मिसळत असे, त्या स्वर्गीय सुरांची आठवण माणसाला गाण्यातून होते आणि म्हणूनच सैतानाला ते सहन होत नाही, असा युक्तिवाद करून तिने बजावले, की योग्य कारणाविना देवाची स्तुती बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातील स्तुतिगायनात स्थान मिळणार नाही. ऐंशी वर्षांच्या बाईने वरिष्ठांना लिहिलेले हे पत्र विनम्र म्हणता येणार नाही. ११७९ मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला तिचे निधन झाले.

गीते मुख्यतः दोन हस्तलिखितांत टिकली: एक ११७५ च्या सुमारास आजच्या बेल्जियममधील व्हिलेर्स मठाच्या साधूंना पाठवलेले, दुसरे आता व्हिसबाडेनमध्ये असलेले अवाढव्य संकलन. दोन्हींत स्वर रेषांवर मांडलेले असल्याने त्यांची उंची कळते. लय मात्र लिहिलेली नाही, त्यामुळे एकच गीत आजचे दोन गायकवृंद अगदी वेगळ्या लयीत गातात.