मावशी, मामा आणि ‘क्ष’

मावशी आणि आत्या यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही; संगणकाला मात्र तो व्याख्येतूनच सांगावा लागतो. वर्णनात्मक तर्कशास्त्र या नावाच्या ज्ञानलेखनाच्या भाषांत मावशीची व्याख्या साधारण अशी होईल: ‘स्त्री, जिला अपत्य असलेली बहीण आहे’. ‘बहीण’च्या जागी ‘भाऊ’ घातला की आत्या होते. ‘स्त्री’ हा शब्द पुसून तेथे ‘क्ष’ लिहिला, की व्याख्येचा साचा होतो; आणि मामाची व्याख्या समोर ठेवून या साच्यात ‘क्ष’ काय असावा असे विचारले, तर ‘पुरुष’ हे उत्तर मिळते. असा ‘क्ष’ शोधण्यालाच जुळणी म्हणतात.

ही कल्पना १९९६ साली ॲलेक्स बोर्गिडा आणि डेबोरा मॅकगिनेस यांनी मांडली. गरज अगदी व्यवहारातली होती. बेल लॅब्जमध्ये घडलेल्या ‘क्लासिक’ या ज्ञानलेखनाच्या प्रणालीतील वर्णने इतकी लांबलचक होत, की त्यांतला कामाचा भाग तेवढाच दाखवण्यासाठी साचा हवा होता.

यातली खरी मेख अशी, की जुळणी अक्षरांची नसून अर्थाची असते. ‘जिला बहीण आहे आणि जिला डॉक्टर बहीण आहे’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग गाळला तरी अर्थ तोच राहतो, आणि हे यंत्राला कळले पाहिजे. शिवाय वरच्या साच्यात ‘क्ष’च्या जागी अख्खा ‘मामा’ ठेवला, तरी तर्काच्या दृष्टीने उत्तर बरोबरच ठरते. माहिती मात्र दोनदा सांगितली जाते. म्हणून अशी पुनरुक्ती नसलेली उत्तरे निवडण्यावर संशोधकांनी बरीच मेहनत घेतली आहे.

काम किती अवघड, हे भाषेवर ठरते. ‘सर्व मुले डॉक्टर आहेत’ आणि ‘सर्व मुले वकील आहेत’ ही विधाने एकत्र करून ‘सर्व मुले डॉक्टर व वकील आहेत’ असे बिनधास्त म्हणता येते. पण ‘एक बहीण डॉक्टर आहे’ आणि ‘एक बहीण वकील आहे’ यांवरून दोन्ही पदव्या एकाच बहिणीच्या गळ्यात घालता येत नाहीत. त्यामुळे साच्यातली कोणती बहीण वर्णनातल्या कोणत्या बहिणीशी जोडायची, हे पर्याय तपासावे लागतात आणि बहिणी वाढतील तसे ते भराभर फुगतात. ‘सर्व’वर बेतलेल्या एफएल-शून्य या छोट्या भाषेत समतुल्यतेची जुळणी, म्हणजे भरलेला साचा आणि वर्णन यांचा अर्थ तंतोतंत एक व्हावा अशी जुळणी, झटपट होते, ‘एक तरी’वर बेतलेल्या ईएल या भाषेत तोच प्रश्न एनपी-पूर्ण, म्हणजे ज्यासाठी कोणतीही जलद रीत आजवर सापडलेली नाही अशा वर्गातला आहे.

दोन्ही बाजूंना ‘क्ष’ ठेवले, की त्याला एकीकरण म्हणतात. दोन जणांनी एकच आजार वेगवेगळ्या शब्दांत नोंदवला आहे काय, हे हेरायला ते उपयोगी पडते. वैद्यकीय संज्ञांचा ‘स्नोमेड सीटी’ हा ईएलच्या घराण्यातल्या भाषेत लिहिलेला संग्रह लाखो संकल्पनांचा असल्याने अशी शंका तेथे रास्तच आहे. गंमत म्हणजे एकीकरणात पारडे फिरते: ईएलमध्ये ते एनपी-पूर्णच राहते, तर जुळणीला सोपी असलेली एफएल-शून्य घातांकी, म्हणजे प्रश्न थोडा वाढला तरी पटींनी वाढणारा, वेळ मागते.