इरिमू (गिकुयू लोककथांतील राक्षस)

इरिमू (अनेकवचन : मारिमू) हा केनियाच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशातील, म्हणजे कियांबू, मुरांगा, न्येरी या भागांतील गिकुयू लोकांच्या मौखिक कथांमधला नरभक्षक. आपल्याकडच्या राक्षसासारखी शिंगे आणि सुळे त्याला असतीलच असे नाही. तो माणसासारखा बोलतो, घर करतो, रानातून लाकडे आणतो, मुलीला मागणीही घालतो. त्याची हमखास खूण म्हणजे डोक्याच्या मागे, लांब केसांखाली दडवलेले दुसरे तोंड. एका कथाप्रकारात नाचाच्या जागी देखणा परका तरुण येतो आणि मुली भाळतात. त्या मागच्या तोंडात माशा शिरताना एकीलाच दिसतात. परक्यावर भाळलेल्या हट्टी मुलीला मिळालेली शिक्षा एवढाच या कथेचा अर्थ लावला, तर माशा पाहणारीही मुलगीच असते हे निसटते.

प्रतीक म्हणून इरिमूचे मर्म त्याच्या खाण्यात आहे. लोहाराच्या बायकोची कथा याचा उत्तम नमुना. लोहार दूरच्या भट्टीवर गेलेला असताना घरी एकटी असलेली बायको बाळंत होते आणि सुईणीचे काम इरिमू करतो. तो रांधतो, ताट तिच्यापुढे धरतो आणि ‘नको का? मग मीच खातो’ म्हणत स्वतःच फस्त करतो. बाळंतिणीला खाऊ घालणे हे शेजारणींचे आणि नात्यातल्या बायकांचे काम. इरिमू ते काम उचलतो, त्यातले शब्दही बरोबर बोलतो, फक्त घास पोचू देत नाही. शेजारधर्माचे सोंग घेतलेला हा अधाशीपणा उघड हल्ल्यापेक्षा भयंकर आहे.

बाईची सुटका होते ती एरंडाच्या बियांमुळे. गिकुयू लोक अंगाला एरंडेल लावत, त्यामुळे या बिया घरात असणे स्वाभाविकच. उन्हात वाळत घातलेल्या बिया एका कबुतराला देऊन ती त्याच्याकडून निरोप धाडते. कबुतर भट्टीवर जाऊन गाते : लोहारा, घण लवकर घाल, तुझी बायको बाळंत झाली, इरिमूने तिचे बाळंतपण केले. प्रत्येक ओळीनंतर ‘शांगारारा-ईशा’ हे पालुपद येते आणि ऐकणारे ते एकसुरात म्हणतात. छापील संग्रहात हे गाणे एकदाच देऊन भागवले, तर कथा लंगडी पडते. लोहाराला निरोप कळेपर्यंतचा ताण त्या पुनरावृत्तीवरच उभा असतो. शेवटी तो घरी येऊन लपून बसतो आणि इरिमूला भाल्याने मारतो.

इतर काही कथांत मरता मरता इरिमू आपले बोट कापायला सांगतो आणि त्यातून गिळलेली माणसे, गुरे जिवंत बाहेर पडतात. अशा शेवटात मारण्याइतकेच हिरावलेले परत मिळण्याला महत्त्व असते.

या कथा संध्याकाळी आईच्या झोपडीत, चुलीभोवती सांगत; सांगणारी बहुधा आई किंवा आजी. ती ‘उगा इथा’ (‘इथा म्हणा’) म्हणे, मुले ‘इथा’ म्हणून साद देत.

केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी ‘शाइतानी मुथाराबाइनी’ (‘क्रुसावरचा सैतान’, १९८०) या गिकुयू कादंबरीत हाच इरिमू वसाहतोत्तर केनियातील श्रीमंतांच्या टीकेसाठी वापरला. तिच्यात एक शेतकरी इरिमूला पाठीवर वाहतो. इरिमूची नखे त्याच्या मानेत-खांद्यांत रुतलेली असतात. शेतकरी वाळत जातो, इरिमू फुगत जातो. अखेर एका जाणत्याच्या सल्ल्याने त्या नखांवर उकळते तेल ओतले जाते.