धंदा स्वतःचा, अर्ज जोडीदाराचा: आय-८६४ साठी उत्पन्न कसे दाखवावे

अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

लग्न पुण्यात किंवा सांगलीत झाले, आय-१३० पिटिशन (जोडीदाराला अमेरिकेत आणण्यासाठीचा पहिला अर्ज) मंजूर झाले आणि आता नॅशनल व्हिसा सेंटरने आय-८६४ मागितला आहे, अशा टप्प्यावर बरेच जण आमच्याकडे येतात. नोकरदाराला हा फॉर्म फारसा जड जात नाही. टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) आणि कंपनीचे पत्र जोडले की त्याचे बहुतेक काम होते. उबर किंवा ट्रक चालवणारे, टिफिनचा धंदा करणारे, स्वतःच्या छोट्या कंपनीतून (एलएलसी) आयटीची कंत्राटी कामे घेणारे यांना पत्र कोण देणार? त्यांच्या बाबतीत सगळी भिस्त टॅक्स रिटर्नवर असते.

आय-८६४ म्हणजे स्पॉन्सरने अमेरिकन सरकारला लिहून दिलेली हमी. स्पॉन्सर अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो आणि त्याचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे, अलास्का आणि हवाई सोडून, दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. कोष्टक दर वर्षी बदलते, त्यामुळे फॉर्म भरताना चालू वर्षाचेच घ्यावे. कुटुंबात तुम्ही, जोडीदार, तुमच्यावर अवलंबून असलेली मुले आणि पूर्वी आय-८६४ देऊन आणलेली व ज्यांची हमी अजून चालू आहे अशी माणसे धरली जातात. आईवडिलांना आधी स्पॉन्सर केले असेल तर हे हमखास विसरले जाते.

उलाढाल नव्हे, नफा

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. "माझा धंदा साठ हजारांचा आहे" असे ग्राहक सांगतो, पण अधिकारी फॉर्म १०४० ची, म्हणजे वैयक्तिक टॅक्स रिटर्नची, ओळ ९, म्हणजे एकूण उत्पन्न, बघतो. एकट्याचा धंदा असेल तर तिथे शेड्यूल सी (रिटर्नला जोडायचा धंद्याचा जमाखर्च) मधला खर्च वजा जाता उरलेला निव्वळ नफा येतो.

उदाहरणासाठी एक उबरचालक घेऊ. २०२५ मध्ये त्याची जमा ५८,००० डॉलर. गाडी धंद्यासाठी ४०,००० मैल चालली. मैलामागे ७० सेंट दराने २८,००० वजा. कंपनीचे कमिशन, टोल, फोन मिळून आणखी १०,६०० वजा. नफा १९,४००. दुसरे उत्पन्न नसेल, तर खिशात पैसे खेळत असूनही कागदावर तो ७,०३७ डॉलरने कमी पडतो. मैलांच्या वजावटीतला बराचसा पैसा प्रत्यक्षात खर्च झालेलाच नाही, हे त्याचे म्हणणे खरे असले तरी ती रक्कम परत मिळवून उत्पन्न वाढवता येत नाही. घसाऱ्याचेही तेच. भाड्याने दिलेल्या घराचा मान्य तोटाही ओळ ९ खाली खेचतो.

"मग यंदा खर्च दाखवूच नका" अशी सूचना आम्हाला बरेचदा होते. ते जमणार नाही. स्वयंरोजगार कराच्या हिशेबात मान्य खर्च धरावेच लागतात. उलट, पूर्वी रोखीची जमा दाखवायची राहिली असेल, तर १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरून कर आणि व्याज चुकते करावे. तेही मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात नको. त्याने नसत्या शंका उठतात.

एस-कॉर्पोरेशन (जिचा नफा थेट मालकांच्या रिटर्नमध्ये येतो अशी कंपनी) असेल तर स्वतःला दिलेला पगार डब्ल्यू-२ वर आणि उरलेल्या नफ्यातला तुमचा वाटा के-१ वर येतो. दोन्ही मोजले जातात.

सर्वांत अलीकडच्या वर्षाचे रिटर्न सर्व शेड्यूलांसह, किंवा आयआरएसचा (अमेरिकेच्या कर खात्याचा) ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा अधिकृत उतारा, जोडणे बंधनकारक आहे. ट्रान्स्क्रिप्ट आयआरएसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. आधीच्या दोन वर्षांची रिटर्न ऐच्छिक आहेत, पण ती चांगली असतील तर जरूर लावा. धंदा यंदाच सुधारला असेल तर चालू वर्षाचा नफा-तोटा पत्रक, बँक स्टेटमेंट, कंत्राटे आणि तिमाही आगाऊ कर भरल्याच्या पावत्या द्या. पत्रकातले आकडे बँकेतल्या जमेशी जुळले पाहिजेत, नाहीतर त्याला कोणी किंमत देत नाही.

लग्नानंतरचे रिटर्न

३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर त्या वर्षाचे रिटर्न "सिंगल" म्हणून भरता येत नाही, बायको किंवा नवरा भारतात असला तरी. एकीकडे विवाहित असल्याचा दाखला आणि दुसरीकडे अविवाहिताचे रिटर्न, ही विसंगती अधिकाऱ्याच्या चटकन लक्षात येते. सहसा "विवाहित, स्वतंत्र" असे भरावे लागते. एकत्र भरायचे तर भारतातल्या जोडीदाराला करापुरते निवासी मानावे लागते, त्यासाठी आयटीआयएन (करदात्याचा ओळख क्रमांक) लागतो आणि जोडीदाराचे भारतातले उत्पन्नही इथल्या रिटर्नमध्ये येते. आधी हिशेब करू, मग ठरवू.

तरीही कमी पडले तर

मालमत्ता दाखवता येते. स्पॉन्सर नागरिक असेल तर तुटीच्या तिप्पट, ग्रीन कार्डधारक असेल तर पाचपट. वरच्या चालकाला २१,१११ किंवा ३५,१८५ डॉलर दाखवावे लागतील. कर्ज वजा करूनच किंमत धरायची आणि मालमत्ता वर्षभरात रोख होण्यासारखी हवी. एकुलती एक गाडी चालत नाही. जोडीदाराच्या नावावरची भारतातली मुदत ठेव किंवा फ्लॅट चालतो. चार भावांच्या सामाईक सातबाऱ्यावर मात्र आम्ही भरवसा ठेवत नाही: हिस्सा वेगळा नाही आणि वर्षात विकून पैसे इथे आणता येतील हे पटवणेही कठीण. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर द्यावे.

दुसरा मार्ग जॉइंट स्पॉन्सरचा. तो नातेवाईकच हवा असे नाही, पण त्याने एकट्याच्या उत्पन्नावर, स्वतःचे कुटुंब अधिक तुमचा जोडीदार एवढ्यांसाठी १२५ टक्के गाठले पाहिजेत. तुमचे थोडे आणि त्याचे थोडे अशी बेरीज होत नाही. तशी बेरीज एकाच घरात राहणाऱ्या नातेवाईकाशी, आय-८६४ए भरून होते. साडूला किंवा आतेभावाला विचारण्याआधी त्याला हेही सांगा की ही हमी घटस्फोटानेही सुटत नाही. जोडीदार नागरिक झाला, त्याच्या नावे कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा देशाबाहेर गेला, किंवा दोघांपैकी कोणाचा मृत्यू झाला, तर ती संपते.

मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला कागद अपुरा निघाला तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते आणि प्रकरण लांबते. म्हणून फॉर्म पाठवण्याआधी आमच्याकडे या. येताना गेल्या तीन वर्षांची रिटर्न, १०९९ (पगाराव्यतिरिक्त मिळालेल्या उत्पन्नाचे दाखले) आणि चालू वर्षाची बँक स्टेटमेंट आणा. आकडे आणि कागद आम्ही बघू. आधीचा व्हिसा नाकारला असेल किंवा कायदेशीर गुंता असेल तर इमिग्रेशन वकिलालाच गाठा, ते काम आम्ही करत नाही.