कुष्ठरोगात बोटं झडत नाहीत
कुष्ठरोग्याची बोटं गळून पडतात, हा समज खोटा आहे. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला जंतू नसांना इजा करतो आणि हातापायांची संवेदना जाते. मग गरम भांड्याचा चटका किंवा चपलेतला खडा कळतच नाही. जखम चिघळते, संसर्ग हाडापर्यंत पोचतो, हाड झिजून बोट आखूड होतं. खरा घात न दुखणाऱ्या जखमेचा! म्हणून बधिर तळवे रोज तपासावेत, साध्या पाण्यात २० मिनिटं भिजवावेत, घट्टे हलके घासून लगेच तेल लावावं. हस्तांदोलनाने हा रोग होत नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. फिकट, बधिर चट्टा दिसताच तपासणी करा. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकत्र दिलेली अनेक औषधं, रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांचा असतो. मात्र आधीच गेलेली संवेदना त्याने परत येईलच असं नाही.