पाय की पोर? ‘पेड’चा घोळ

बेळगावातल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासांत इंग्रजी शब्दमुळांचा झेरॉक्स हातोहात फिरतो. त्यात एक ओळ ठरलेली: ‘पेड म्हणजे पाय’. पोरं ती घोकतात आणि निम्म्या शब्दांत फसतात.

पायाचं मूळ लॅटिन. आपला ‘पाद’ त्याचाच भाऊबंद, त्यामुळे पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड वेगळं शिकवायला नको. पादचारी आणि चतुष्पाद मराठी शाळेत भेटतात, पादयात्रे कानडी शाळेत. पुढे चला.

खरा गोंधळ ग्रीक मुळाचा. ग्रीकमध्ये मूल म्हणजे ‘पाइस’, समासात ‘पाइड’. लॅटिनमार्गे इंग्रजीत येताना त्याचं स्पेलिंग पी-ए-ई-डी झालं. ब्रिटिशांनी ते बरंचसं जपलं, अमेरिकनांनी ‘ए’ गाळला आणि मूल हुबेहूब पायासारखं दिसू लागलं. आपल्याकडे दवाखान्यांच्या पाट्यांवर दोन्ही स्पेलिंगं दिसतात. मी तर शिकताना ब्रिटिशच धरा म्हणतो. तो ‘ए’ फुकटचा नाही, त्यानं मूल ओळखू येतं.

पीडिअ‍ॅट्रिशियन मुलांचा डॉक्टर, हे घरोघरी माहीत असतं. माणसं पडतात ती ऑर्थोपेडिकवर. हाडांचा डॉक्टर, पायाला प्लास्टर घालतो, म्हणजे ‘पेड’ पायच असणार, असं फळ्यावर लिहून देणारेही आहेत! चूक. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, ‘पाइडिऑन’ म्हणजे लहान मूल. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानं 1741 मध्ये मुलांच्या शरीरातले बाक आणि व्यंगं कशी टाळावीत, कशी सुधारावीत यावर पुस्तक लिहिलं आणि त्यासाठी हा शब्द घडवला. आज त्याच विभागात आजीचा गुडघा बदलतात, पण शब्दातलं पोर अजून तिथंच आहे.

मग ओळखायचं कसं? उच्चारावर जाऊ नका. सेंटिपीडमध्ये ‘पी’ असून पाय, पेडॅगॉजीत (अध्यापनशास्त्रात) ‘पे’ असून मूल. जोडीदार बघा. ग्रीकांचा पाय ‘पॉड’ असतो: ट्रायपॉड, पोडियम, ऑक्टोपसचा ‘पस’ही तोच. म्हणून शेजारी ग्रीक शब्द आणि पुढ्यात ‘पेड’ असेल, तर बहुतेक वेळा ते मूल. ‘इआत्रोस’ म्हणजे वैद्य. तो ‘पेड’ला लागला की मुलांचा डॉक्टर, ‘पॉड’ला लागला की पायांचा, म्हणजे पोडिअ‍ॅट्रिस्ट. ‘आगोगोस’ म्हणजे नेणारा. मुलाला शाळेत पोचवणाऱ्या ग्रीक गुलामाचा हुद्दा आज पेडॅगॉजीत बसलाय. एनसायक्लोपीडियातलं शिक्षणही याच मुलावरून आलं. पावलं मोजणारा पेडोमीटर मात्र दोगला: लॅटिन पाय, ग्रीक मीटर. तेवढा पाठच करा.

आणि धारवाडला कृषी शिकायला जाणाऱ्यांनो, तिथल्या पेडॉलॉजीत मूल शोधू नका. मृदाशास्त्रातला ‘पेडॉन’ म्हणजे जमीन. तिचं पायाशी लांबचं नातं आहे, मुलाशी काहीच नाही.