कोस्त्या त्झू

त्झू, कोस्त्या (कॉन्स्तान्तिन बोरिसोविच त्झू) : (१९ सप्टेंबर १९६९ – ). रशियात जन्मलेला, सोव्हिएत संघातर्फे हौशी जगज्जेता झालेला आणि व्यावसायिक कारकीर्द ऑस्ट्रेलियातून घडवलेला मुष्टियोद्धा. वजनगट लाइट वेल्टरवेट, म्हणजे १४० पौंड किंवा सुमारे ६३.५ किलो. नोव्हेंबर २००१ मध्ये डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या, जगज्जेता ठरवणाऱ्या तिन्ही संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे एकाच वेळी त्याच्या कमरेला आले. या गटात तीन दशकांहून अधिक काळ कोणालाही हे साधले नव्हते. (चौथी संघटना डब्ल्यूबीओ तेव्हाही होती, पण ‘निर्विवाद जगज्जेता’ ठरवताना तिची मोजदाद होत नसे.) व्यावसायिक नोंद ३१ विजय, त्यांतले २५ नॉकआउट, २ पराभव आणि निकालाविना रद्द ठरलेली एक लढत.

आडनावाने सगळ्यांनाच छळले आहे. ऑस्ट्रेलियन समालोचक सरळ ‘झू’ म्हणतात. रशियन उच्चाराच्या जवळ जायला मराठी माणसाला फार कष्ट नाहीत, ‘जुना’ या शब्दातला ज जिभेवर घेतला की झाले. पण लिहिताना तो ज ‘जेवण’मधल्या जपासून वेगळा दाखवता येत नाही, म्हणून येथे ‘त्झू’.

सेरोव ते सिडनी

उरल पर्वताच्या पूर्वेला स्वेर्दलोव्स्क प्रांतात सेरोव नावाचे पोलादाचे गाव आहे. कोस्त्याचा जन्म तिथला. वडील बोरिस धातुकारखान्यात कामाला, आई परिचारिका. वडिलांकडून कोरियन रक्त, त्यामुळे चेहरा पूर्वेकडचा आणि भाषा पूर्ण रशियन. अंगात मस्ती फार म्हणून वडिलांनी नवव्या-दहाव्या वर्षी त्याला व्लादिमिर चेर्न्या या प्रशिक्षकाकडे नेऊन सोडले. सोव्हिएत क्रीडाशाळेत मुलाला लवकर स्पर्धेत उतरवत. त्या पद्धतीत पोरगा विशीत येईपर्यंत त्याच्या खात्यात शेकड्यांनी लढती जमा होत. त्झूच्याही झाल्या.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो पूर्व जर्मनीच्या आंद्रेआस त्स्यूलोकडून हरला. पुढे त्स्यूलोने सुवर्ण जिंकले. १९८९ आणि १९९१ मध्ये त्झू युरोपीय विजेता झाला. नोव्हेंबर १९९१ मधल्या सिडनीतील जागतिक स्पर्धेत त्याने अंतिम सामन्यात अमेरिकेच्या व्हर्नन फॉरेस्टला हरवले. हा फॉरेस्ट पुढे स्वतः व्यावसायिक जगज्जेता झाला. पदक घेऊन मुलगा घरी परतला आणि महिन्याभरात घरच्या देशाचे नावच नकाशावरून गेले. १९९२ च्या सुरुवातीला तो पुन्हा सिडनीला आला, या वेळी राहायला. बिल मॉर्डी हा तिथला आयोजक आणि जॉनी लुइस हा प्रशिक्षक. जेफ फेनेक आणि जेफ हार्डिंग हे ऑस्ट्रेलियाचे आधीचे जगज्जेते लुइसच्याच हाताखाली तयार झाले होते. इंग्रजी नावापुरती येणाऱ्या या तरुणाला लुइसने फारसे बदलले नाही. माझ्या मते त्याने केलेले सर्वांत मोठे काम हेच.

अंतराचा हिशेब

त्झू उभा कसा राहायचा हे पाहिले की बाकीचे आपोआप कळते. पाठ ताठ, पावले लहान. डावा हात पुढे धरलेला, आणि तो मारण्यापेक्षा मोजण्यासाठी अधिक. समोरच्याच्या हातमोज्याला टोचायचे, तो खाली दाबायचा, तो किती लांब आहे याचा अंदाज घ्यायचा. प्रेक्षकाला वाटावे की काहीच चाललेले नाही. मग माप जुळले की उजवा हात खांद्यापासून सरळ, आखूड, कसलीही पूर्वसूचना न देता. हात मागे ओढून मारलेल्या ठोशाची चाहूल लागते. याचा ठोसा निघाला हे कळायचे तो लागल्यावर. मानेमागे एक बारीक शेंडीवजा वेणी होती, ती ठोशाच्या झटक्याने उडायची. छायाचित्रकारांना तीच हवी असायची.

२८ जानेवारी १९९५ रोजी लास व्हेगासमध्ये जेक रॉड्रिगेझला सहाव्या फेरीत संपवून त्याने आयबीएफचा पट्टा घेतला. तोवर त्याच्या व्यावसायिक लढती पंधरासुद्धा झाल्या नव्हत्या. त्याच वर्षी माजी विजेत्या रॉजर मेवेदरला गुणांवर हरवले. सगळे ठरल्यासारखे चालले असताना ३१ मे १९९७ रोजी अटलांटिक सिटीत व्हिन्स फिलिप्सने त्याला दहाव्या फेरीत थांबवले. फिलिप्सला कोणी गृहीतच धरले नव्हते. तो त्झूचा पहिला पराभव.

परतीला दोन वर्षे लागली. ऑगस्ट १९९९ मध्ये मिगेल आंखेल गोन्झालेझला हरवून रिकामा असलेला डब्ल्यूबीसी पट्टा मिळाला. २९ जुलै २००० रोजी फिनिक्समध्ये समोर हुलिओ सेझार चावेझ होता. मेक्सिकोचे दैवतच ते, पण वय ३८. त्झूने त्याला सहाव्या फेरीत पाडले आणि लढत थांबली. कामगिरीच्या यादीत हे नाव मोठे दिसते, तरी तो विजय त्झूच्या थोरवीचा पुरावा म्हणून पुढे करू नये. म्हातारा झालेला सिंह होता तो. फेब्रुवारी २००१ मध्ये डावखुरा शार्म्बा मिचेल गुडघ्याच्या दुखापतीमुळे सातव्या फेरीनंतर उठला नाही, आणि डब्ल्यूबीएचा पट्टाही आला.

लास व्हेगास, ३ नोव्हेंबर २००१

थोरवीचा पुरावा हवा असेल तर ही लढत. आयबीएफचा पट्टा झॅब जुडाकडे होता. ब्रुकलिनचा, २४ वर्षांचा, अपराजित, डावखुरा आणि विजेसारखा. पहिली फेरी उघडपणे त्याची. डाव्या हाताचे खालून वर येणारे ठोसे त्झूच्या हनुवटीवर बसले, त्झू हलला. जुडाच्या कोपऱ्यात खुशी पसरली.

दुसऱ्या फेरीत त्झू पुढे सरकत राहिला. डावखुऱ्याविरुद्ध उजव्या हाताने लढणाऱ्याचे हक्काचे शस्त्र म्हणजे सरळ उजवा, कारण दोघांच्या उभे राहण्याच्या पद्धतीमुळे मधली वाट मोकळी असते. फेरीचे शेवटचे सेकंद सरत असताना जुडा सरळ रेषेत मागे गेला. हात कमरेजवळ, हनुवटी वर. उजवा हात त्या मोकळ्या वाटेने गेला आणि जुडा पाठीवर पडला. तो लगेच उसळून उठला, आणि तीच चूक झाली. डोके उठले होते, पाय अजून खालीच होते. गुडघे वाकडेतिकडे जात तो तिरका चालला आणि दुसरा ठोसा न खाता पुन्हा आडवा झाला. पंच जे नेडी यांनी मोजणे सोडून हात हलवले. घड्याळ २ मिनिटे ५९ सेकंदांवर.

फेरी संपायला एकच सेकंद उरला होता, यावरून आजही वाद घालणारे भेटतात. तो सेकंद संपून घंटा झाली असती तरी पंच मोजत राहतात, त्यामुळे घंटेने जुडा वाचला असता असे नाही. आणि ते पाय पाहिलेल्या माणसाने हा वाद घालू नये. शुद्धीवर येताच जुडाने नेडी यांच्या गळ्याशी हातमोजा खुपसला, स्टूल फेकले. दंड ७५,००० डॉलर आणि सहा महिन्यांची बंदी. त्झू मात्र शांतपणे तीन पट्टे घेऊन उभा होता.

मँचेस्टर

त्यानंतर बेन टॅकीविरुद्ध गुणांवर एक विजय, आणि जानेवारी २००३ मध्ये मेलबर्नच्या स्टेडियममध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर जेसी जेम्स लेहावर दुसरा. कानाचा पडदा फाटल्याने लेहाने लढत सोडली. मग खांद्याने दगा दिला. जवळपास दोन वर्षे लढत नाही, दोन संघटनांचे पट्टेही हातचे गेले. नोव्हेंबर २००४ मध्ये परतून त्याने मिचेलला चार वेळा पाडले आणि तिसऱ्या फेरीत संपवले. जाणकारांचा समज झाला की काहीच बिघडलेले नाही.

५ जून २००५. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एमईएन अरेनात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीच्या वेळेसाठी लढत पहाटे दोनच्या सुमारास लावलेली. तरी २२,००० माणसे जागी होती आणि सगळी प्रतिस्पर्धी रिकी हॅटनची. त्झूच्या डावाला लागायचे ते अंतर, आणि हॅटनने नेमके तेच काढून घेतले. पहिल्या घंटेपासून तो छातीला छाती भिडवून राहिला. उजवा हात सुटायला जी वीतभर जागा हवी ती मिळेना. मिठी, बरगडीत गुद्दा, पुन्हा मिठी. सातव्या फेरीत त्झूचा ठोसा कमरेखाली गेला, नवव्यात हॅटनने परतफेड केली. अकरावी फेरी संपली तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर हॅटन पुढे होता. त्झू स्टुलावर बसला. नॉकआउटशिवाय जिंकता येणार नव्हते आणि डोळ्यांसमोर धड दिसत नव्हते. बारावी फेरी उरली असताना लुइसने लढत सोडली. पस्तिशीतला त्झू पुन्हा रिंगणात उतरला नाही.

नंतर

तो रशियात परतला. काही काळ डेनिस लेबेदेव आणि अलेक्सांद्र पोवेत्किन यांचा प्रशिक्षक होता. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅनास्टोटा येथील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिभवनात त्याचा समावेश झाला, त्याच वर्षी माइक टायसन आणि चावेझ यांचाही. रशिया त्याला आपला म्हणतो, ऑस्ट्रेलियाही. सिडनीत वाढलेले टिम आणि निकिता हे त्याचे दोन मुलगे याच व्यवसायात आहेत. टिम २०२३ मध्ये सुपर वेल्टरवेट गटात डब्ल्यूबीओचा जगज्जेता झाला. मार्च २०२४ मध्ये लास व्हेगासमध्येच सेबास्टियन फंडोराविरुद्ध लढताना, दुसऱ्या फेरीच्या अखेरीस प्रतिस्पर्ध्याच्या कोपरावर आदळून त्याचे कपाळाच्या वर फाटले. उरलेल्या दहा फेऱ्या तो डोळ्यांत उतरणारे रक्त पुसत लढला आणि विभागलेल्या निकालाने, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या कौलाने, हरला.